भुयाराच्या दाराशी काढलेले जोडे

कर्वेनगरातल्या रस्त्यांवर सोनमोहोराचा पिवळा सडा पडायला लागला, की मला आजही परीक्षा तोंडावर आल्यासारखं वाटतं. आता मला कुठलीही परीक्षा द्यायची नाही. तरी झेरॉक्सच्या दुकानापुढची गर्दी दिसली, गरम कागदाचा वास आला, आणि टपरीवर एका मुलाने दुसऱ्याला “किती युनिट झाले रे?” असं विचारलेलं कानावर पडलं, की मी नकळत स्कूटर हळू करते. दुसरा म्हणतो, “काहीच नाही झालं यार.” त्याचं सगळं झालेलं असतं. ही पद्धत आमच्या वेळीही होती आणि तिच्यात काडीचाही बदल झालेला नाही.

इंजिनिअरिंगवाले या दिवसांना पीएल म्हणतात. परीक्षेआधी कॉलेजने अभ्यासासाठी दिलेली सुट्टी. कॉलेज ती अभ्यासासाठी देतं आणि मुलं ती सुट्टी म्हणून घेतात, त्यामुळे कुणाचीच तक्रार नसते. बाकीच्यांना या मोसमात कैऱ्या आठवतात, माठातलं वाळ्याचं पाणी आठवतं. मला भुयारं आठवतात. ओली, अंधारी, कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी फुसफुसणारी भुयारं, आणि त्यांत भर दुपारी, पंख्याखाली बसून, पन्ह्याचे पेले बाजूला ठेवून उतरलेलो आम्ही चौघं.

ही भुयारं कॉम्प्युटरमधली. ज्यांनी हे खेळ कधी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंटरनेटवर एक काल्पनिक राज्य असतं. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी त्यात हिंडत असतात. कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार, कुणी वैद्य. सुरुवातीला कोल्हे-लांडगे मारायचे, आणि जरा हात बसला की चौघांनी मिळून पहिल्या भुयारात उतरायचं. खेळणारे त्याला डंजन म्हणतात. चौघांची कामं ठरलेली असतात. एकाने पुढे उभं राहून सगळा मार खायचा, एकाने मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरायच्या, आणि उरलेल्या दोघांनी मारामारी करायची. शेवटी एक मोठा राक्षस असतो. तो पडला की भुयार सुटलं. गणितासारखंच आहे, फक्त इथे सुटल्यावर आनंद होतो.

मी आणि पल्लवी दोघी अकोल्याच्या. एका वर्गात होतो आणि कर्वेनगरात काका-काकूंच्या घरी वरच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहायचो. काका पेठेतल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. यंत्रं आली तशी त्यांनी लवकर निवृत्ती घेतली. मुलगा बंगळूरला. त्याचा जुना कॉम्प्युटर खाली हॉलमध्ये होता, त्याने आईला पाठवलेला लॅपटॉप शेजारी होता, आणि इंटरनेटची वायरही हॉलपर्यंतच आलेली होती. म्हणून दुपारची जेवणं झाली की आम्ही आपापले लॅपटॉप घेऊन खाली यायचो आणि हॉलमधल्या जेवणाच्या टेबलाशी बसायचो. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “इंटरनेट अभ्यासासाठी आहे. करमणुकीसाठी खिडकी आहे.”

गुरुवारी वीज नसायची, त्यामुळे गुरुवारी खरोखरच अभ्यास व्हायचा.

काका या प्रकरणात कसे ओढले गेले ते मला स्वच्छ आठवतं. शाळेला सुट्टी लागली होती आणि ते पेपर तपासून वैतागलेले होते. आमच्या मागून पाणी प्यायला जाताना थांबले. पडद्यावर भुयाराचा नकाशा उघडा होता.

“हा नकाशा कुणी काढला?”

पल्लवीने घाबरून सांगून टाकलं, “काका, मी नाही काढला.”

“उत्तर दिशा दाखवलेली नाही. प्रमाण नाही. सूची नाही. हे ठिपके म्हणजे विहिरी आहेत का वस्त्या?”

“ते राक्षस आहेत, काका.”

“मग तसं सूचीत लिहायला पाहिजे,” काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. त्या दुपारी त्यांचं पाणी प्यायचं राहिलं. दोन दिवसांनी मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतःचा योद्धा उघडला. त्याचं नाव काय ठेवायचं यावर घरात चर्चा झाली आणि शेवटी आडनाव लावायचं नाही एवढ्यावर एकमत झालं.

पुढे उभं राहून मार खाण्याचं काम काकांकडे आपोआप आलं. खेळात त्या माणसाला टँक म्हणतात. काकांना हा शब्द आवडला नाही, कारण टँक गच्चीवर असतो. पण काम त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. आमच्या गल्लीत उलट्या बाजूने स्कूटर आली की काका रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत. समोरचा हॉर्न वाजवून, हात जोडून, शिव्या देऊन दमला की मान किंचित वळवून त्याला पाटी दाखवायचे. शेवटच्या तासाला सातवी ब शिकवलेल्या माणसाला राक्षसांचं काय अप्रूप असणार?

अडलं होतं ते वैद्याच्या कामात. मी केलं, पल्लवीने केलं, दोघींनीही काकांना वारंवार मारलं. मग एका दुपारी काकू गवार निवडत निवडत मागे येऊन उभ्या राहिल्या.

“ही हिरवी पट्टी कमी कमी होते ती काय?”

“ते काका आहेत, काकू. ती संपली की काका मेले.”

“अगं बाई. मग भरायची कशी?”

“त्या पट्टीवर टिचकी मारायची आणि हे बटण दाबायचं.”

“एवढंच ना?” काकूंनी गवारीचं ताट माझ्या मांडीवर दिलं, लॅपटॉप पुढे ओढला, मुलाशी बोलायचा हेडफोन कानाला चढवला, त्याचा तो छोटा माइक ओठांसमोर आणला आणि अख्खी नोकरी ज्या आवाजात केली त्या आवाजात म्हणाल्या, “हं, बोला.”

मग आम्ही मेलो नाही. निदान सारखे सारखे मेलो नाही. काकूंचं म्हणणं असं, की यात नवीन काहीच नाही. एक्स्चेंजमध्ये समोर बोर्ड असायचा, त्यावर दिवे. जो दिवा लागेल तिथे प्लग लावायचा. इथे चार पट्ट्या, तिथे भिंतभर होते. मी एकदा विचारलं, की तुम्ही इतक्या शांत कशा राहता, तर म्हणाल्या, “माणसाकडे बघायचं नाही गं. कोण रडतंय, कोण ओरडतंय ते ऐकत बसलं की लाइन चुकते. दिव्याकडे बघायचं.”

या तत्त्वाचा एकदा तोटाही झाला. कोळ्यांच्या गुहेत मोठा कोळी मरायला टेकला होता, काकांनी ढाल आडवी धरली होती, पल्लवी शेवटचा बाण लावत होती, आणि कोळ्याची पट्टी एकदम गच्च भरली. आम्हाला कळेना काय झालं. काकूंनी त्याला बरं केलं होतं. “अहो, त्याचाही दिवा लागला होता,” त्या म्हणाल्या. “कोण आहे ते ऑपरेटरने बघायचं नसतं.” नोकरीतली शिस्त काकांनाही मान्य होती, त्यांनी ढाल सरळ केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

या एका गोष्टीवर मात्र माझं आणि पल्लवीचं आजही भांडण होतं: पहिलं भुयार कोणत्या खेळातलं चांगलं? आम्ही त्या मोसमात निरनिराळ्या खेळांची पहिली भुयारं पालथी घातली, आणि प्रत्येक भुयाराला काका गुण देत गेले. हातात लाल पेनचं टोपण असायचं, कारण पेपर तपासायचं काम बाजूला तसंच पडलेलं असायचं.

एका खेळात पहिलं भुयार म्हणजे धान्याचं जुनं कोठार होतं. उंदरांनी भरलेलं. काका आत शिरले, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाले, “उंदीर मारायला चार जण? पिंजरा लावा.” जेमतेम पास केलं. पल्लवीला ते कोठार फार आवडायचं, कारण त्यांच्या अकोल्याच्या घरामागे तसंच होतं आणि तिला तिथला ज्वारीचा वास येतो म्हणे. कॉम्प्युटरला वास नसतो हे मी तिला सांगून दमले.

दुसऱ्या खेळात शहराखालची गटारं होती. हे माझं आवडतं. कसबा पेठेतल्या गल्लीइतकी अरुंद. समोरून कुणी आलं की एकाने मागे सरायचं, पण सरायचं कुणी हे ठरेपर्यंत मागे तिसरा येऊन उभा. तिथे अडकून काकांनी पाण्याकडे बोट दाखवलं. “बघा. पाणी उताराकडे वाहतंय. वळणावर आतल्या बाजूला गाळ साठलाय. कुणीतरी अभ्यास केलेला आहे.” त्यांचा चेहरा इतका खुलला, की मागून येऊन चावणाऱ्या मगरीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. मरता मरता त्यांनी त्या गटाराला पहिला वर्ग दिला.

कोळ्यांची गुहा मात्र नापास झाली. गुहेच्या छतावरून चुन्याचे सुळके लोंबत होते. काकांनी भिंती तपासल्या, बाहेर येऊन डोंगर तपासला. “आजूबाजूला सगळा बेसॉल्ट. चुनखडीचा पत्ता नाही. मग हे आले कुठून? भाड्याने आणले?”

आणि मग ते देऊळ.

देवळाचं आत्ता सांगितलं तर पुढचं सगळं सांगावं लागेल, म्हणून आधी यंदाच्या पिवळ्या सड्याकडे येते.

थंडीत काकू गेल्या. फार आजारी नव्हत्या. दोनच दिवस दवाखान्यात होत्या. मी आता धायरीला राहते, सॉफ्टवेअरमध्ये टेस्टर आहे, म्हणजे लोकांनी केलेल्या चुका शोधणं हेच माझं काम. एवढी वर्षं महिन्या-दोन महिन्यांनी त्या घरी चक्कर व्हायची. काकू गेल्यापासून मी दर शनिवारी जाते. मला काकांचा चेहरा बघवत नाही, असं सरळ लिहिते. रडले असते तर बरं होतं. ते रडत नाहीत, चिडत नाहीत, आणि काका चिडत नाहीत याची मला भीती वाटते. गल्लीत उलट्या बाजूने स्कूटर जातात. काका खिडकीत असतात आणि जाऊ देतात.

बोलायला दोनच शब्द उरले होते. आता कशाला? काका, पोहे आणलेत. आता कशाला? संध्याकाळी फिरायला चला. आता कशाला? मुलाने बंगळूरला बोलावलं, तिकडेही हेच. डोळ्यांचा नंबर बदललाय, चष्मा करून घ्या म्हटलं, तर बाहेर सोनमोहोराकडे बघत म्हणाले, “आता कशाला? दिसायचं ते दिसतंय.” मी स्कूटरवरून घरी जाताना सिंहगड रोडच्या गर्दीत हेल्मेटच्या आत रडले. मला फक्त एवढंच हवं होतं, की या माणसाने ते दोन शब्द सोडून दुसरं काहीतरी म्हणावं. काहीही. माझ्या भाषेला नावं ठेवली तरी चालतील. पूर्वी मी “काका, काय करून राहिले?” असं विचारलं, की ते पेपरवरून मान वर न करता म्हणायचे, “करतो आहे. राहिलेलं तुम्ही करा.” आता मी मुद्दाम तसं विचारून पाहिलं. त्यांनी नुसती वर्तमानपत्राची घडी घातली.

मग मला भुयारं सुचली. फार विचार करून नाही. झेरॉक्सचा वास आला म्हणून.

मी लॅपटॉप घेऊन गेले आणि त्यांच्या शेजारी बसून हल्लीच्या एका खेळातलं पहिलं भुयार उघडलं. “तुम्ही खेळू नका. नुसतं बघा. मला आणि पल्लवीला तुलना करायची आहे.” पल्लवी अकोल्याला परत गेली, तिथे कॉलेजात शिकवते, आणि या कटात फोनवरून सामील होती. काका “आता कशाला?” म्हणाले. पण उठून गेले नाहीत. समोर चालू असलेली चूक सोडून उठून जाणं मास्तरांना जमत नसावं.

हल्लीची भुयारं चकचकीत असतात. दगडावर शेवाळ दिसतं, शेवाळावर दव दिसतं. पण जमिनीवर एक सोनेरी बाण असतो, तो पुढे पुढे जातो आणि आपण मागे मागे. वाट चुकायची सोयच नाही. सोबतचे तिघं खेळ आपणच जमवून देतो; ते कुठले कोण, नाव काय, काही कळत नाही, नमस्कार नाही, चमत्कार नाही, धावत सुटतात आणि राक्षस पडला की निघून जातात. पीएमपीच्या बसमध्येसुद्धा याहून जास्त ओळख होते. मी दर शनिवारी एक नवीन भुयार दाखवत राहिले. पहिल्या शनिवारी काका गप्प होते. दुसऱ्याही. त्याच्या पुढच्या वेळी बाण वळला तशी मी वळले, आणि शेजारून आवाज आला.

“बाणामागेच जायचं, तर नकाशा कशाला दिलाय?”

मी पडद्यावरून नजर हलवली नाही. पाखरू उडेल अशी भीती वाटत होती. “तेच ना काका. किती गुण द्यायचे?”

“देण्यासारखं काय आहे? उत्तरं छापून मग पेपर दिलाय.” मी पुढच्या दालनात शिरले. मग त्यांनी विचारलं, “ते देऊळ अजून आहे का गं?”

किती महिन्यांत त्यांनी कुणाला काही विचारलेलं नव्हतं. मी होय म्हणाले आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

तर ते देऊळ. आमच्या पीएलमधलं सगळ्यांत अवघड पहिलं भुयार. जंगलात एक पडकं नागांचं देऊळ, आणि आतल्या सगळ्या फरशीवर हिरवं विष. दाराशी एक म्हातारा बसलेला असतो. तो प्रत्येकाला जाड चामड्याचे जोडे देतो आणि बजावतो, की हे घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. खेळ करणाऱ्यांनी सगळा विचार केला होता. फक्त देवळाच्या दाराशी जोडे दिल्यावर पुण्यातला माणूस काय करेल, एवढं त्यांना सुचलं नव्हतं.

काकांनी जोडे काढले.

“काका, घाला ते! विष आहे!”

“देऊळ आहे,” काका म्हणाले.

आता यातली मौज अशी, की काका खऱ्या आयुष्यात कुठल्याच देवळात जात नसत. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. काकू दर सोमवारी जायच्या आणि काका बाहेर उभे राहून त्यांच्या चपला सांभाळायचे. “मी देव मानत नाही, रीत मानतो,” असं त्यांचं म्हणणं. कॉम्प्युटरमधल्या देवळाला ते लागू नाही हे आम्ही परोपरीने सांगितलं. काका अनवाणी आत गेले आणि दुसऱ्या पायरीवर मेले.

शिवाय काढलेले जोडे त्यांनी पाठीवरच्या पिशवीत ठेवले नव्हते. पिशवीत पाव होता, आणि खायच्या वस्तूंत जोडे ठेवायचे नसतात. त्यांनी ते दाराबाहेर, बाजूला, नीट जोडीने ठेवले होते. खेळाचा नियम असा, की जमिनीवर टाकलेली वस्तू थोड्या वेळाने नाहीशी होते. काका पुन्हा जिवंत होऊन दाराशी आले तर जोडे गायब.

“गेले चोरीला,” काका म्हणाले. त्यांना दुःख झालं नव्हतं, उलट खेळ खरा वाटायला लागला होता. त्यांनी म्हाताऱ्याकडून नवे जोडे घेतले, ते पुन्हा काढले आणि म्हणाले, “पल्लवी, तू जोड्यांपाशी थांब.”

“मी? मी एकटीच बाहेर काय करून राहू, काका?”

“राखण.”

आणि पल्लवी थांबली. आमची सगळ्यांत चांगली तिरंदाज देवळाबाहेर चार जोडे राखत उभी, कारण काकांकडे बघून आम्हालाही आपापले काढावे लागले, आणि आत आम्ही तिघं विषात अनवाणी. येणारेजाणारे परदेशी खेळाडू थांबून पल्लवीला काय काय विचारायचे. ती म्हणते, की तिचं इंग्रजी त्या दुपारी सुधारलं.

आम्ही मरत राहिलो. बाहेर ऊन रणरणत होतं, एम-थ्रीचं, म्हणजे तिसऱ्या गणिताचं, पुस्तक टेबलाखाली पंख्याच्या वाऱ्याने पानं उलटत होतं. शेवटी मी कंटाळून माझे जोडे घातले, पल्लवीलाही आत घेतलं, आणि वैतागून म्हटलं, “काकू, तुम्हीच सांगा ना काकांना.”

काकूंनी सांगितलं नाही. इतकी वर्षं संसार केल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी हेडफोन नीट केला, चष्मा पदराने पुसला आणि म्हणाल्या, “राहू दे. जाऊ देत अनवाणी. मी बघते.”

काका निघाले. विषात पाऊल पडलं की त्यांची पट्टी अर्ध्यावर यायची, काकू भरायच्या. पुन्हा पाऊल, पुन्हा अर्धी. आमच्याकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. आमचं आम्ही पाहिलं. मधल्या गाभाऱ्यात काका घुटमळले. त्यांना भिंतीवरचं कोरीवकाम बघायचं होतं. तेव्हा काकूंचा तो एक्स्चेंजमधला आवाज आला, जरासुद्धा न वाढवलेला. “थांबू नका. चालत राहा. मी आहे लाइनवर.”

नागराज पडला. आम्ही दोघी ओरडलो. काका शेजारच्या खुर्चीकडे वळून काकूंना काहीतरी सांगणार होते, पण त्यांनी हेडफोन काढून ठेवला होता आणि त्या चहाचं आधण ठेवायला गेल्या होत्या. “अनवाणी पास झालो,” काका आम्हालाच म्हणाले. “विशेष प्रावीण्य.”

मी मात्र एम-थ्रीत गेले. निकाल लागला तेव्हा जिन्यात बसून रडत होते, तर काका वर आले, एक पायरी सोडून बसले आणि म्हणाले, “ऑक्टोबर मग कशासाठी ठेवलाय?” माझी फेरपरीक्षा डिसेंबरात होती. पण काकांच्या शाळेच्या जगात नापासांची परीक्षा ऑक्टोबरातच व्हायची, आणि ती असते म्हणून रडायचं कारण नाही, इतकं त्यांचं साधं होतं. मी रडणं थांबवलं. डिसेंबरात सुटलेही.

गेल्या शनिवारी ते देऊळ उघडलं. खेळाच्या कंपनीने माझ्यासारख्या जुन्या गिऱ्हाइकांसाठी जुनी आवृत्ती पुन्हा चालू केली आहे. काका मुलाच्या टेबलाशी बसले, मी काकूंच्या खुर्चीवर. काकूंचा हेडफोन कॅलेंडरच्या खिळ्याला लटकलेला होता. मी माझा आणायला विसरले होते. काकांनी तो खिळ्यावरून काढला, हातात धरून थोडा वेळ उभे राहिले आणि माझ्यापुढे ठेवला.

म्हातारा दाराशी बसलेला होता. त्याने जोडे दिले. काकांनी ते काढले आणि बाजूला, नीट जोडीने ठेवले. मग थांबले. दार समोर उघडं होतं, आत ते हिरवं विष चमकत होतं, आणि काकांचा हात माऊसवर नुसता पडून होता.

“राहू दे वृंदा,” ते म्हणाले. “आता क—”

“काका, मी बघते.”

मी हे ठरवून म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हेडफोनकडे पाहिलं. मग समोर बघून पहिलं पाऊल टाकलं.

आता मी टेस्टर आहे, माझ्या कामाची मला लाज वाटत नाही, तेव्हा काय चुकलं ते नेमकं सांगते. काकू सांगून गेल्या होत्या, माणसाकडे बघायचं नाही, दिव्याकडे बघायचं. मी माणसाकडे बघत बसले. काका पुढे वाकले होते, ओठ घट्ट मिटले होते, आणि चेहऱ्यावर ते सातवी ब समोर उभं राहतानाचं काहीतरी आलेलं होतं. मी ते बघत राहिले आणि पट्टी संपली. काका दुसऱ्या पायरीवर आडवे झाले. बरोब्बर त्याच.

पडदा करडा झाला. मला वाटलं, संपलं. आपण या माणसाला त्याची बायको नसल्याचं पुन्हा एकदा दाखवून दिलं, दुसरं काय केलं? आता ते दोन शब्द येतील आणि मग मी काही आणून दाखवू शकणार नाही. मी हेडफोन काढला आणि बाहेरच्या पिवळ्या झाडाकडे बघत म्हटलं, “गेले मी, काका. ऑक्टोबरला बसते.”

काकांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसला. मग तो घालून पडद्यावरच्या त्या देवळाच्या दाराकडे बघितलं आणि भुवया वर चढल्या.

“ऑक्टोबर कशाला?” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी बस. आणि पल्लवीला कळव. जोडे गेले पुन्हा.”